गोठ्यातील प्रतिपिंडे : लम्पीची लस, चीक आणि बी पेशी

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली देवणी आणि गडद तांबड्या रंगाची लाल कंधारी या मराठवाड्याच्या दोन गोवंश-जाती लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील कंधार या तालुक्यांच्या नावाने देशभर ओळखल्या जातात, आणि ट्रॅक्टर आले तरी या भागातील कोरडवाहू शेतीची बरीच कामे आजही या बैलांच्याच खांद्यावर आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात दिसू लागलेला लम्पी चर्मरोग काही आठवड्यांत राज्यभर पसरला, सप्टेंबरमध्ये सरकारने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले, गुरांचे बाजार बंद झाले आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीसारखा नावाजलेला बाजार ज्यांच्या व्यवहाराचा आधार आहे अशा शेतकऱ्यांना खरेदी-विक्री थांबवून गोठ्यातच जनावरे सांभाळत बसावे लागले. पशुसंवर्धन विभागाने त्या वर्षी गावोगाव जी लस टोचली ती मुळात लम्पीची नव्हतीच. ती शेळ्यांना होणाऱ्या देवीची, म्हणजे ‘गोट पॉक्स’ची लस होती. शेळीची लस गायीला कशी लागू पडते, लस टोचल्यावरही सुमारे तीन आठवडे जनावर जपावे का लागते, आणि काही गोठ्यांत लस दिल्यानंतर चारपाच दिवसांतच गाठी का उठल्या, हे प्रश्न तेव्हा चावडीवर आणि दवाखान्याच्या ओट्यावर वारंवार विचारले गेले. त्यांची उत्तरे बी पेशी नावाच्या एका सूक्ष्म पेशीच्या कामकाजात आहेत. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून बारावीची हजारो मुले दरवर्षी या पेशीची आकृती परीक्षेसाठी गिरवतात, परंतु तीच पेशी घरच्या गोठ्यात काय करते याचा विचार क्वचितच होतो.

या पेशीच्या नावातील ‘बी’ हे अक्षर कोंबडीकडून आलेले आहे. पक्ष्यांच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूस एक छोटी पिशवी असते. सोळाव्या-सतराव्या शतकातील इटालियन शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस याने तिचे वर्णन केले म्हणून तिला ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’, म्हणजे फॅब्रिशियसची पिशवी, असे नाव पडले, परंतु तिचा उपयोग काय हे पुढे तीन शतकांहून अधिक काळ कोणालाही सांगता आले नाही. अमेरिकेतील ब्रूस ग्लिक हा संशोधक लहान पिल्लांची ही पिशवी काढून तिचा अभ्यास करीत होता. त्याचा सहकारी टिमथी चँग याला विद्यार्थ्यांसमोर प्रतिपिंडांचा एक प्रयोग करून दाखवायचा होता आणि त्यासाठी त्याने ग्लिककडच्याच कोंबड्या नेल्या. त्यांना जंतू टोचले, आणि ज्यांची पिशवी काढलेली होती त्यांच्यात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. हा निष्कर्ष १९५६ मध्ये कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि वैद्यकशास्त्राचे त्याच्याकडे कित्येक वर्षे लक्षच गेले नाही. पुढे १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या पिशवीत घडणाऱ्या पेशी वेगळ्या आणि थायमस ग्रंथीत घडणाऱ्या पेशी वेगळ्या, हे दाखवून दिले. त्यावरूनच बर्सातील त्या ‘बी’ पेशी आणि थायमसमधील त्या ‘टी’ पेशी अशी नावे रूढ झाली. माणसाला ही पिशवी नाही. त्याच्या बी पेशी हाडांच्या पोकळीतील मऊ गरात, म्हणजे अस्थिमज्जेत, जन्म घेतात. नावातला ‘बी’ मात्र कायम राहिला.

कुक्कुटपालन करणाऱ्यांना ही पिशवी वेगळ्या, दुःखद कारणाने माहीत असते. ‘गंबोरो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा विषाणू तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या नेमक्या याच पिशवीवर हल्ला करतो आणि तिच्यात घडत असलेल्या बी पेशी नष्ट करतो. रोगातून वाचलेले पिल्लू दिसायला धडधाकट असले तरी त्याला पुढे राणीखेतची लस दिली तर ती नीट ‘लागत’ नाही, कारण लशीला प्रतिसाद देणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. लस ही स्वतः संरक्षण करीत नाही. ती बी पेशींना आणि त्यांच्या सोबत्यांना कामाला लावते, आणि त्या पेशी जितक्या सक्षम तितकीच लस सक्षम असते, ही गोष्ट गंबोरोइतकी स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

प्रतिपिंड हे रक्तात आणि शरीरातील इतर द्रवांत वाहणारे प्रथिन आहे. गुराखी पोरे बाभळीच्या फांदीची जी बेचकी करतात तिच्यासारखा त्याचा आकार असतो. बेचकीच्या दोन टोकांवर विशिष्ट घडणीची खाच असते आणि त्या खाचेत बसेल अशाच रेणूला ते चिकटते; ज्या परक्या रेणूला ते असे चिकटते त्याला प्रतिजन म्हणतात. बेचकीचा दांडा मात्र एका वर्गातील सर्व प्रतिपिंडांत जवळजवळ सारखाच असतो, आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी हा दांडा ओळखून चिकटलेल्या जंतूचा फडशा पाडतात. बी पेशीच्या पृष्ठभागावर हीच बेचकी दांडा आत रोवून बसवलेली असते, तेव्हा ती पेशीची ग्राही, म्हणजे ओळख पटवणारी खूण, असते. एका पेशीवर अशा सुमारे लाखभर बेचक्या असतात आणि त्या सर्वांची खाच अगदी एकसारखी असते. एक पेशी, एकच खाच हा नियम या साऱ्या विषयाचा कणा आहे.

मग जगातल्या असंख्य जंतूंना पुरतील एवढ्या निरनिराळ्या खाचा येतात कुठून, हा प्रश्न विज्ञानाला बराच काळ छळत होता, कारण एवढ्या प्रतिपिंडांसाठी स्वतंत्र जनुके ठेवायची म्हटली तर पेशीतली सगळी जागाही पुरणार नाही. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये त्याचे उत्तर दिले, त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाकळ शिवायला बसलेली बाई वेगवेगळ्या गाठोड्यांतून हाताला येईल ती एकेक चिंधी घेते आणि त्या जोडते, त्यामुळे दोन वाकळा कधी सारख्या होत नाहीत. बी पेशीही घडताना आपल्या जनुकांच्या तीन गटांतून एकेक तुकडा उचलते, मधले तुकडे कापून टाकते आणि उरलेले सांधते, शिवाय सांध्याच्या जागी काही अक्षरे वाढवते किंवा गाळते. परिणामी रोज जन्मणाऱ्या कोट्यवधी बी पेशींपैकी प्रत्येकीची खाच जवळजवळ निराळी असते. यांपैकी ज्या पेशींची खाच स्वतःच्याच शरीराला घट्ट चिकटते त्यांना अस्थिमज्जेतच बाद केले जाते किंवा त्यांची खाच बदलली जाते. गायीच्या बाबतीत निसर्गाने थोडी वेगळी वाट काढली आहे: तिच्याकडे उपयोगी जनुकखंड तुलनेने थोडे आहेत, परंतु तिच्या काही प्रतिपिंडांच्या टोकाला एक असाधारण लांब, दांड्यावर मूठ असावी तशी रचना असते आणि ती जंतूच्या खोल कपारीत शिरू शकते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये गायींना एड्सच्या विषाणूचे प्रथिन टोचले, तेव्हा माणसाला जी व्यापक प्रतिपिंडे बनवायला वर्षे लागतात आणि तीही थोड्यांनाच जमतात, तशी गायींनी काही आठवड्यांत बनवली. ज्या जनावराला आपण मुके म्हणतो त्याच्या रक्तातली ही हुशारी थक्क करणारी आहे.

या मांडणीचा एक अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. लम्पीचा विषाणू शरीरात आल्यावर त्याच्या मापाचे प्रतिपिंड नव्याने बेतले जात नाही. त्याच्याशी जुळणारी खाच असलेल्या मूठभर बी पेशी आधीपासूनच, विषाणूची गाठ पडण्यापूर्वी, शरीरात फिरत असतात आणि विषाणू फक्त त्यांची निवड करतो. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये हा विचार मांडला. निवडलेल्या पेशीचीच पुढे वंशवृद्धी होते आणि तिच्या सर्व संततीची खाच तिच्यासारखी असते, म्हणून त्याला कृंतक-निवड सिद्धान्त म्हणतात. बी पेशींची सगळी ताकद या आगाऊ तयारीत आहे, आणि सगळी अडचणही तिथेच आहे, कारण कोट्यवधींच्या गर्दीतून योग्य त्या मूठभर पेशी सापडणे आणि त्यांची फौज उभी राहणे याला दिवस लागतात.

हे घडते कुठे, ते जनावराच्या अंगावर हात फिरवून समजू शकते. पुढच्या पायाच्या फऱ्यापुढे, मान जिथे खांद्याला मिळते तिथे, कातडीखाली एक लसिका ग्रंथी असते. निरोगी गायीत ती सहज जाणवत नाही, परंतु लम्पीची लागण झालेल्या जनावरात ताप चढतो त्याच सुमारास ती फुगून हाताला स्पष्ट लागते, आणि अनुभवी पशुवैद्य अंगावर गाठी उठण्याआधी तिथेच बोटे नेतो. माणसाच्या पायाला जखम झाली की जांघेत जे अवधाण येते तेही असेच. चावणाऱ्या माशीने, डासाने किंवा गोचिडीने विषाणू कातडीत सोडला की तो आणि त्याचे तुकडे लसिकेच्या बारीक वाहिन्यांतून या ग्रंथीत येतात. ग्रंथीच्या कडेच्या भागात बी पेशींची वस्ती असते, रक्तातून नव्या पेशी तिथे येतात, प्रतिजन चाचपतात आणि जुळले नाही तर पुढच्या ग्रंथीकडे निघून जातात. एखादीची खाच विषाणूच्या प्रथिनाला जुळली की तिच्या अंगावरच्या अनेक बेचक्या एकत्र ओढल्या जातात आणि पेशीच्या आत पहिला इशारा पोहोचतो.

तेवढ्याने मात्र ती पूर्ण जागी होत नाही. बी पेशी चिकटलेले प्रथिन आत ओढून घेते, त्याचे तुकडे करते आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडून ग्रंथीतल्या टी पेशींच्या वस्तीच्या सीमेवर जाते. त्याच विषाणूची ओळख पटलेली एखादी साहाय्यक टी पेशी तिथे भेटली, तिने ते तुकडे ओळखले आणि संमतीचा दुसरा इशारा दिला, तरच बी पेशी विभाजनाला लागते. एकाच पेशीच्या गैरसमजुतीवरून सगळे शरीर पेटू नये यासाठी ही दुहेरी खातरजमा आहे. काही जंतूंच्या कवचावरील साखरेच्या लांब साखळ्या टी पेशीविनाच बी पेशीला जागे करू शकतात, पण त्यातून उठणारा प्रतिसाद दुबळा आणि अल्पजीवी असतो, आणि लहान बाळांत तर तो जवळपास मिळतच नाही. म्हणूनच टायफॉइडच्या नव्या लशीत जंतूची साखर एका प्रथिनाला जोडलेली असते, जेणेकरून टी पेशींची मदत मिळावी. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ही जोड-लस सार्वजनिक मोहिमेतून मुलांना दिली, ती जगातील या प्रकारच्या पहिल्या मोहिमांपैकी होती.

दुसरा इशारा मिळालेल्या बी पेशींपैकी काही लगेचच प्रतिपिंडे स्रवू लागतात. ही पहिली प्रतिपिंडे ‘एम’ वर्गाची असतात, पाच बेचक्या दांड्यांनी एकत्र बांधाव्यात तशी मोठी, प्रत्येक खाच थोडी सैल पण दहा खाचा एकदम चिकटणाऱ्या. उरलेल्या पेशी ग्रंथीच्या आत अंकुर-केंद्र नावाचा दाट गोल पुंजका तयार करतात, आणि फुगलेली ग्रंथी म्हणजे प्रामुख्याने या केंद्रांतली गर्दी. तिथे पेशी काही तासांच्या अंतराने दुभंगत राहतात आणि दुभंगताना खाचेच्या जनुकात मुद्दाम चुका करतात. बहुतेक चुका खाच बिघडवतात, थोड्या ती अधिक घट्ट करतात. पुन्हा प्रतिजन पकडण्याची स्पर्धा होते, घट्ट पकडणाऱ्या पेशींना टी पेशींची मदत मिळते, बाकीच्या मरून जातात. बियाण्यासाठी कणसे निवडणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे करतो तेच येथे काही दिवसांत, एका लिंबाएवढ्या गाठीत घडते. याच वेळी बेचकीचा दांडाही बदलतो आणि ‘एम’ऐवजी ‘जी’ वर्गाची, लहान, घट्ट चिकटणारी आणि आठवडेच्या आठवडे रक्तात टिकणारी प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. आतड्याच्या आणि श्वासमार्गाच्या आतल्या अस्तरासाठी ‘ए’ वर्ग असतो, तर जंत आणि गोचिडीसारख्या परजीवींविरुद्ध ‘ई’ वर्ग, ज्याच्या अतिरेकातून माणसात दमा आणि अ‍ॅलर्जी होते.

या स्पर्धेतून निघालेल्या पेशींची दोन भावी रूपे असतात. एक प्लाझ्मा पेशी, जी विभाजन थांबवून फक्त प्रतिपिंड बनवण्याच्या कामाला जुंपलेली असते आणि सेकंदाला २,००० पर्यंत रेणू बाहेर सोडते. त्यातल्या काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे काम करीत राहतात. दुसरी स्मृतिपेशी, जी काहीच स्रवत नाही, शांतपणे फिरत राहते आणि तोच विषाणू पुन्हा आला तर आठवड्यांचे काम दिवसांत उरकते.

यावरून २०२२ सालच्या त्या शंकांची उत्तरे मिळतात. लस टोचल्यावर पहिली प्रतिपिंडे दिसायला सुमारे दीड आठवडा आणि भक्कम संरक्षण उभे राहायला सुमारे तीन आठवडे लागतात, तर लम्पीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे चार ते चौदा दिवस जातात. साथ गावात येऊन ठेपल्यावर टोचलेल्या काही जनावरांत विषाणू आधीच शिरलेला होता; त्यांच्या बी पेशी अजून अंकुर-केंद्रात होत्या तोवर गाठी उठल्या, आणि ‘लशीनेच गाय आजारी पडली’ अशी समजूत पसरली. ही समजूत समजण्यासारखी होती. लस नाकारण्याचे कारण मात्र ती ठरू नये. कुणाचे वासरू दगावले असेल त्याचे दुःख खरेच आहे, आणि त्याच दुःखाचा धडा असा की लस साथीच्या आधी, पावसाळ्यात माश्या-गोचीड वाढण्यापूर्वी, टोचून घेतली पाहिजे.

शेळीच्या लशीचे कोडेही इथेच सुटते. लम्पीचा, शेळ्यांच्या देवीचा आणि मेंढ्यांच्या देवीचा विषाणू हे एकाच कुळातले असून त्यांची जनुकीय रचना सुमारे ९६-९७ टक्के सारखी आहे, आणि बी पेशी विषाणूचे नाव किंवा त्याचा यजमान प्राणी ओळखत नाही, ती फक्त आकार ओळखते. बाहेरचे आकार पुरेसे सारखे असतील तर एकाविरुद्ध घडलेली खाच दुसऱ्यालाही बसते. एडवर्ड जेनरने १७९६ मध्ये गायीच्या देवीचा द्रव माणसाला टोचून माणसाच्या देवीपासून संरक्षण दिले ते याच तत्त्वावर, आणि भारतात ही लस प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. गायीने माणसाला दिलेले हे संरक्षण दोन शतकांनी शेळीने गायीला परत केले, असे म्हटले तर ते अवास्तव ठरू नये. लम्पीच्याच विषाणूपासून बनवलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही लस हिसार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी तयार करून ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली आणि तिच्या उत्पादनाचे तंत्रज्ञान त्याच वर्षअखेरीस पुण्यातील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्यात आले. एवढे मात्र सांगायला हवे की देवी कुळातील विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडे एकटी पुरत नाहीत. पेशीच्या आत दडलेल्या विषाणूपर्यंत ती पोहोचू शकत नाहीत, आणि लागण झालेल्या पेशी मारण्याचे काम टी पेशींनाच करावे लागते, म्हणून रक्तातले प्रतिपिंडांचे प्रमाण कमी दिसले तरी जनावर सुरक्षित असू शकते.

राहिला प्रश्न नुकत्याच जन्मलेल्या वासराचा. त्याच्याकडे बी पेशी असतात, पण त्यांना अजून काहीच भेटलेले नसते आणि त्यांची फौज उभी राहायला काही आठवडे लागतात. माणसाच्या बाळाला आईची ‘जी’ वर्गाची प्रतिपिंडे गर्भातच नाळेवाटे मिळतात. गायीच्या वारेची रचना मात्र अशी आहे की तिच्यातून प्रतिपिंडे पलीकडे जातच नाहीत, त्यामुळे वासरू जवळजवळ प्रतिपिंडाविना जन्माला येते. निसर्गाने ती सगळी शिदोरी चिकात भरून ठेवली आहे. व्यायच्या आधीच्या आठवड्यांत गाय आपल्या रक्तातील प्रतिपिंडे ओढून कासेत साठवते; चीक घट्ट, पिवळसर असतो आणि तापवला की आळून त्याचा खरवस होतो, तो त्यातल्या प्रथिनांच्या विपुलतेमुळे, आणि त्या प्रथिनांचा मोठा वाटा म्हणजे आईने आयुष्यभर ज्या ज्या रोगांना आणि लशींना तोंड दिले त्यांची प्रतिपिंडे. नवजात वासराचे आतडे पहिले काही तासच ही प्रथिने अख्खी शोषू शकते. ही क्षमता तासागणिक घटते आणि चोवीस तासांत जवळपास संपते, त्यानंतर पाजलेला चीक पोषण देतो, संरक्षण देत नाही. गाभण काळात लस दिलेल्या गायीच्या वासराला मिळालेली हीच प्रतिपिंडे पुढे काही महिने लशीतील विषाणूलाही निष्प्रभ करतात, म्हणून अशा वासरांना लम्पीची लस चार महिन्यांनंतर देण्याची पद्धत आहे.

मराठवाड्यातील अनेक घरांत आजही वार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत. वार पडायला आठ-दहा तासही लागू शकतात आणि तेवढ्या वेळात आतड्याची ती वाट बरीचशी बंद होते. गाय व्याल्यावर वासराचे नाक-तोंड पुसावे, आईला चाटू द्यावे, कास कोमट पाण्याने धुवावी आणि वारेची वाट न पाहता पहिल्या दोन तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २० किलोच्या देवणी वासराला पहिल्या दिवसात दोन लिटरच्या आसपास, चीक टप्प्याटप्प्याने पाजायला सुरुवात करावी. खरवस वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा करावा.